किल्मर मॅक्कली यांचे होमोसिस्टीनवरील संशोधन खरे होते का, आणि मग कोलेस्टेरॉल निर्दोष ठरते का?

आपण विचारले आहे की, सिन्नरला केलेल्या तपासणीच्या पॅकेजमध्ये वडिलांचे होमोसिस्टीन (रक्तातील एक अमिनो आम्ल) २८ आले आणि त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘रक्तवाहिन्यांच्या आजाराचे खरे कारण होमोसिस्टीन आहे, आणि हे सांगणाऱ्या डॉ. मॅक्कली यांना हार्वर्डने घालवून दिले’ असा मजकूर फिरला, त्यावरून वडील कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची म्हणत आहेत, तर त्या संशोधनात तथ्य किती आहे. मी डॉक्टर नाही. नाशिकमध्ये एकतीस वर्षे पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो आणि या विषयाचे वाचन पुढे आवडीने चालू ठेवले. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका, एवढे आधीच सांगून ठेवतो.

मॅक्कली हे बोस्टनच्या, हार्वर्डशी संलग्न असलेल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विकृतिशास्त्रज्ञ होते. होमोसिस्टिन्युरिया हा होमोसिस्टीन फार वाढवणारा दुर्मीळ आनुवंशिक विकार १९६२ मध्ये प्रथम नोंदला गेला होता, आणि १९६८ च्या सुमारास त्यांच्या कानावर अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीची हकिगत आली. तिच्या आईचा भाऊ १९३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, पक्षाघाताने त्याच रुग्णालयात दगावला होता. त्या काळी शवविच्छेदनात मुलाच्या मानेतील धमन्या एखाद्या वृद्धाच्या असाव्यात तशा अरुंद व कठीण झालेल्या दिसल्या होत्या आणि ती नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आली होती. मॅक्कली यांनी पस्तीस वर्षे जपून ठेवलेले ऊतींचे नमुने मिळवून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले. (ज्या कोणी ते नमुने इतकी वर्षे टाकून दिले नाहीत, त्यांचे नाव कुठे येत नाही, पण माझ्या पेशातल्या माणसाला आधी तेच आठवतात.) धमन्यांच्या भिंती जाड झाल्या होत्या, पण त्यांत चरबीचा साठा जवळजवळ नव्हता.

एका मुलावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या एका बाळाचे प्रकरण त्यांच्यासमोर आले, आणि खरी बुद्धिमत्ता दिसते ती इथे. हा भाग समजण्यासाठी आपला नाशिकचा द्वारका चौक डोळ्यांसमोर आणा. अन्नातील प्रथिनांमधून मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल मिळते आणि त्यापासून शरीरात होमोसिस्टीन तयार होते. ते चौकात आलेल्या वाहनासारखे आहे. त्याला बाहेर पडायला दोन रस्ते असतात. एका रस्त्याने, बी-६ जीवनसत्त्वाच्या मदतीने, ते पुढच्या पदार्थात रूपांतरित होते. दुसऱ्या रस्त्याने, बी-१२ आणि फोलिक आम्ल यांच्या मदतीने, ते परत मेथिओनिन बनते. पहिल्या मुलाच्या कुटुंबातील विकारात पहिला रस्ता बंद असतो, त्यामुळे होमोसिस्टीन आणि मेथिओनिन ही दोन्ही वाढतात. या बाळामध्ये दुसरा रस्ता बंद होता, म्हणून होमोसिस्टीन वाढलेले पण मेथिओनिन मात्र कमी होते. तरीही बाळाच्या धमन्या तशाच खराब झालेल्या आढळल्या. दोष वेगळे, बाकीची रसायने उलटसुलट, आणि दोघांत समान काय, तर चौकातली कोंडी. त्यामुळे धमन्यांना इजा होमोसिस्टीनमुळेच होत असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. दोनच रुग्णांवरून इतके नेमके तर्कशास्त्र चालवलेले वैद्यकात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते, असे माझे मत आहे.

मात्र ते तिथे थांबले नाहीत. ज्यांना हा आनुवंशिक विकार नाही अशा सर्वसामान्य माणसांतही, आहारात बी जीवनसत्त्वे कमी पडल्याने थोडेसे वाढलेले होमोसिस्टीन वर्षानुवर्षे धमन्या खराब करत असावे, असा पुढचा विचार त्यांनी मांडला. तो काळ कोलेस्टेरॉलचा होता. १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत विकृती निर्माण करून दाखवली होती, आणि १९७० च्या दशकात ब्राउन व गोल्डस्टाइन हे एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) रक्तातून पेशीत कसे ओढले जाते याचा उलगडा करत होते, ज्यासाठी त्यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मॅक्कली यांचे अनुदान आटले, त्या दशकाच्या अखेरीस त्यांना हार्वर्ड व रुग्णालय सोडावे लागले, आणि दोन वर्षांहून अधिक काळ नोकरी शोधल्यावर प्रॉव्हिडन्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांना काम मिळाले. व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकुराचा एवढा भाग खरा आहे.

पुढे वारे फिरले. १९९२ मध्ये अमेरिकेतील १४,९१६ पुरुष डॉक्टरांच्या अभ्यासात, ज्यांचे होमोसिस्टीन सर्वांत वरच्या ५ टक्क्यांत होते त्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला, आणि मॅक्कली यांच्याकडे पुन्हा आदराने पाहिले जाऊ लागले. पण जोखमीशी संबंध दिसणे आणि कारण असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कारण असेल तर ते कमी केल्यावर आजार कमी व्हायला हवा. हीच कसोटी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत लागली. एकीत रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मधुमेह असलेल्या ५,५२२ जणांना, तर नॉर्वेतील दुसरीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,७४९ जणांना बी जीवनसत्त्वे किंवा त्यांऐवजी निष्क्रिय गोळी देण्यात आली. जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरले, परंतु हृदयविकार कमी झाला नाही. पहिल्या चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण मात्र काहीसे घटले. कोलेस्टेरॉलने हीच कसोटी १९९४ मध्येच पार केली होती. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत सिम्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी केले.

मॅक्कली यांनी प्रत्यक्ष जे पाहिले ते आजही टिकून आहे. होमोसिस्टिन्युरियात होमोसिस्टीनचा आकडा बहुधा शंभरच्या वर जातो, आणि अशा रुग्णांत तो उपचारांनी खाली आणला की गुठळ्या व पक्षाघात लक्षणीय कमी होतात. पंधरा-वीस-तीसच्या पातळीवर तेच घडते, हा त्यांचा विस्तार मात्र हृदयाच्या बाबतीत सिद्ध झालेला नाही. त्यांच्यावर अन्याय झाला, असे मलाही वाटते. पण अन्याय झालेल्या माणसाचे प्रत्येक म्हणणे त्यामुळे खरे ठरत नाही, आणि कोलेस्टेरॉल तर त्यामुळे मुळीच सुटत नाही.

पक्षाघाताची बाजू अजून मिटलेली नाही, असे मी समजतो. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तदाबाच्या औषधासोबत फोलिक आम्ल दिल्याने पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे मात्र प्रश्न बहुतेक वेळा फोलिक आम्लाचा नसून बी-१२ चा असतो. पुण्यात २०४ जणांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ टक्के लोकांत बी-१२ कमी आणि ७७ टक्के लोकांत होमोसिस्टीन १५ च्या वर होते. म्हणजे वडिलांचा २८ हा आकडा आपल्या भागात तसा विरळा नाही. तो बहुधा धमन्यांपेक्षा ताटाविषयी अधिक सांगतो, विशेषतः ते शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर, कारण दोन्हींत बी-१२ कमी पडू शकते.

त्याआधी तो आकडा खरा आहे का, हेही पाहावे लागेल. रक्त काढल्यावरही ट्यूबमधील लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. ट्यूब खोलीच्या तापमानात तशीच पडून राहिली तर मूल्य तासाला साधारण १० टक्क्यांनी फुगते. आमच्याकडे ही तपासणी नव्याने सुरू झाली तेव्हा त्र्यंबक आणि इगतपुरीच्या संकलन केंद्रांतील नमुने सकाळी घेतले जात आणि दुपारी मोटारसायकलवरून, बर्फाविना, नाशिकला पोहोचत. तिकडचे आकडे सतत चढे का येतात, हे आम्हाला कित्येक आठवडे उमगले नाही. शेवटी काही जणांना बोलावून आमच्याच काउंटरवर रक्त घेतले आणि लगेच सेंट्रिफ्यूज केले (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या), तेव्हा वीसच्या वरचे आकडे तेरा-चौदावर आले. चूक पूर्णपणे आमची होती, आणि दरम्यान किती जणांनी घाबरून गोळ्या सुरू केल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तेव्हा सिन्नरच्या केंद्रात रक्त किती वाजता काढले आणि प्लाझ्मा (पेशींविना उरणारा रक्तद्रव) किती वेळात वेगळा केला, ते विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर प्रयोगशाळेतच जाऊन उपाशीपोटी रक्त द्यायला सांगा. सोबत बी-१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) तपासून घ्या, कारण मूत्रपिंडे मंदावली किंवा थायरॉइड कमी असले तरी होमोसिस्टीन वाढते. बी-१२ कमी निघाले तर त्याचा उपचार नसांसाठी आणि रक्तासाठी करायचाच आहे, मग हृदयाला त्याचा उपयोग होवो वा न होवो. नुसते फोलिक आम्ल औषधाच्या दुकानातून आणून सुरू करू नका. बी-१२ कमी असताना त्याने रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते.