हँडहेल्डवर आवडत्या अ‍ॅक्शन मालिकेचा नवा भाग येतोय म्हटल्यावर अपेक्षा काय ठेवावी?

तुमचा प्रश्न असा: 'एखाद्या अ‍ॅक्शन गेम-मालिकेचा नवा भाग हँडहेल्डवर येणार असं कळलं की चाहते नाचायला लागतात आणि गेम हातात आला की दर वेळी त्यांची तोंडं पडतात. असं का? मग अपेक्षा तरी काय ठेवायची?'

त्यातलं 'दर वेळी' तेवढं मागे घ्या. एकदा तरी तसं झालं नाही, आणि ते मी कल्याण–सीएसटी स्लो लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून अनुभवलंय. गेम होता 'गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिंपस', साल २००८. आतेभावाने मस्कतहून पीएसपी, म्हणजे सोनीचा हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं मशीन), आणला होता. तो दोन महिन्यांत त्याला कंटाळला आणि मशीन माझ्याकडे आलं ते आलंच.

त्या वेळी चाहत्यांच्या मनात काय चाललं होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. २००५ चा पहिला 'गॉड ऑफ वॉर' आणि २००७ चा दुसरा, दोन्ही पीएस२ वर, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर. या मालिकेची ओळखच मुळी अवाढव्य आकाराची. पहिल्याची सुरुवात भर समुद्रात हायड्राशी झुंजून, दुसऱ्याची ऱ्होड्सच्या प्रचंड पुतळ्याशी. तिचा नायक, स्पार्टाचा योद्धा क्रेटोस, आता सव्वाचार इंचांच्या स्क्रीनवर मावणार कसा, ही शंका अगदी रास्त होती. त्यात २००७ च्या जूनमध्ये साध्या मोबाइल फोनसाठी 'बिट्रेयल' नावाचा टूडी भाग येऊन गेलेला. वाईट नव्हता, पण 'छोट्या मशीनवर हे असंच मिळणार' असं लोकांनी मनाशी धरलं. शिवाय पीएसपीचा भाग मूळ सांता मोनिका स्टुडिओ करत नव्हता, करत होता रेडी अ‍ॅट डॉन. त्यांच्या नावावर तोवर एकच स्वतंत्र गेम, 'डॅक्स्टर'. एका केसाळ प्राण्याच्या उड्यांचा गेम करणारी मंडळी स्पार्टाच्या त्या रागीट माणसाला काय न्याय देणार, असं मीसुद्धा मित्रांत तावातावाने बोललोय.

मागण्या तरी कशा होत्या? एकीकडे 'हुबेहूब पीएस२ सारखा हवा, एक गोष्ट कमी चालणार नाही'. दुसरीकडे त्याच तोंडाने 'पीएसपीसाठी काहीतरी खास हवं, नाहीतर टीव्हीवरच खेळू की'. शिवाय दोघांनी मिळून खेळता यायला हवं, वीस तास चालायला हवा आणि बॅटरीही पुरायला हवी. म्हणजे उपासही करायचा आणि मटणही सोडायचं नाही.

आता खरी अडचण बघा, ती ग्राफिक्सची नव्हतीच, बोटांची होती. पीएस२ च्या कंट्रोलरला दोन स्टिक आणि वर चार बटणं. पीएसपीला वर दोनच बटणं आणि डावीकडे खाली एक चपटी चकती, तिलाच स्टिक म्हणायचं. उजवी स्टिक नाहीच. बहुतेक अ‍ॅक्शन गेम इथेच झोपायचे, कारण कॅमेरा फिरवायचा कशाने? 'मॉन्स्टर हंटर' हा पीएसपीवरचा दुसरा गेम खेळणाऱ्यांनी त्यावर स्वतःच तोड काढली होती: डावा अंगठा चकतीवर ठेवायचा आणि त्याच हाताची तर्जनी खेकड्याच्या नांगीसारखी वाकवून वरच्या दिशाबटणांवर न्यायची. जगभर त्याला 'क्लॉ' म्हणतात. मी तासभर करून पाहिलं, दुसऱ्या दिवशी डबा उघडताना बोट दुखत होतं.

'गॉड ऑफ वॉर'चं नशीब असं की त्याचा कॅमेरा पहिल्यापासून खेळणाऱ्याच्या हातात नव्हताच. कुठल्या खोलीत कुठून दिसायचं ते बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं. उजवी स्टिक होती ती गडबडा लोळून वार चुकवायला. रेडी अ‍ॅट डॉनने ते काम वरच्या दोन बटणांवर टाकलं: दोन्ही एकदम दाबायची आणि चकती हव्या त्या दिशेला ढकलायची. कागदावर हे अवघडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही तर्जन्या तिथेच टेकलेल्या असतात, त्यामुळे ते मूठ आवळल्यासारखं होतं. चौथ्या सीटवर कोपरं बाहेर काढायला जागा नसते, एक हात शेजारच्या काकांच्या पिशवीत रुतलेला असतो, तरी मला लोळता येत होतं. अ‍ॅटिकाच्या लढाईतल्या त्या आग ओकणाऱ्या बॅसिलिस्कने मला नेमकं विद्याविहारजवळ गाडीला झटका बसला तेव्हा मारलं, पण तो दोष रेल्वेचा. उतरायचं स्टेशन आलं की उजवीकडचा स्विच वर ढकलायचा, मशीन झोपणार. संध्याकाळी परत ढकलला की क्रेटोस तलवार उगारलेल्या त्याच अवस्थेत. ही सोय पीएस२ ला नव्हती, आणि माझ्या मते तेवढंच 'काहीतरी खास' पुरेसं होतं.

ग्राफिक्सचीही एक गंमत आहे. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्‌झपर्यंत पळू शकत होता, पण बॅटरी वाचावी म्हणून सोनीने गेमना २२२ वरच बांधून ठेवलं होतं. २००७ मध्ये ती मर्यादा उठली आणि या गेमने तिचा पुरेपूर फायदा घेतला. परिणाम डोळ्यांना दिसायचा, आणि बॅटरीच्या दिव्यालाही. ठाण्यालाच तो लुकलुकायला लागायचा.

मग उणं काय होतं? लांबी. मला सहा तासही लागले नाहीत. दोघांनी खेळायचा प्रकार, काही कोडी, काही पात्रं आणि संवाद वेळेअभावी काढून टाकावे लागले, हे बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं. तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, बरं झालं. दोघांनी खेळायची हौस २०१३ च्या 'असेन्शन'ने पुरवली, आणि आज मालिकेतला सगळ्यात लाडका भाग कोणता असं विचारलं तर 'असेन्शन'चं नाव घेणारा मला अजून भेटायचाय.

पण या गेमने माझी बोलती बंद केली ती एका प्रसंगात. (कथा फुटेल, पण इतक्या वर्षांनी माफ करा.) क्रेटोसच्या हातून त्याची बायको आणि लहान मुलगी कॅलिओपी मारली गेलेली असते, हे मालिकेचं मूळ दुःख. मृतांच्या त्या शांत लोकात त्याला मुलगी भेटते. तिच्याजवळ राहायचं म्हणून तो आपली सगळी ताकद सोडून देतो, शस्त्रंसुद्धा. पण पर्सेफनीने, म्हणजे पाताळाच्या राणीने, सगळं जग बुडवायचा घाट घातलेला असतो, आणि जग बुडालं तर मुलगीही जाणार. तिला वाचवायचं तर ताकद परत घ्यायला हवी आणि तिला कायमचं सोडायला हवं. ती बापाला घट्ट मिठी मारते. आणि गेम सांगतो, बटण दाब. पुन्हा दाब. पुन्हा पुन्हा दाब. तोवर हजारो राक्षसांची मुंडकी उडवताना ज्या हावरेपणाने मी ते बटण बडवलं होतं, त्याच बटणाने आता आपल्याच लेकीला दूर ढकलायचं. मी थांबलो. थांबलो तर ती तशीच बिलगून राहते, गेम पुढे सरकत नाही. भांडुप गेलं, मुलुंड गेलं, मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो. शेजारच्या माणसाने विचारलं, 'हँग झालं का?'

हा प्रसंग मोठ्या टीव्हीवर चालला असता का? चाललाच असता, पुढे २०११ मध्ये दोन्ही पीएसपी भाग पीएस३ वर आलेही. पण स्क्रीन पोटाशी धरलेली असताना, दोन्ही हात तिच्याभोवती असताना ते वेगळंच लागतं. कुठल्याही चाहत्याने 'असा एक प्रसंग घाला' अशी मागणी केलेली नव्हती.

दुसरा भाग, 'घोस्ट ऑफ स्पार्टा', २०१० च्या नोव्हेंबरमध्ये आला. हा मात्र अगदी मागणीबरहुकूम. लोक म्हणाले छोटा होता, तर स्टुडिओने पाव पट जास्त खेळ असल्याचं सांगितलं. मोठ्या लढती कमी होत्या म्हणून ओरड, तर सुरुवातीलाच समुद्रातली स्किला, पुढे एकाहून एक. कथाही तोंडीलावणं नव्हती: क्रेटोसच्या अंगावरचा तो लाल पट्टा आला कुठून, याचं उत्तर इथे मिळतं. लहानपणी उचलून नेलेल्या धाकट्या भावाच्या, डीमॉसच्या, अंगावरची जन्मखूण त्याने स्वतःच्या अंगावर गोंदवून घेतलेली असते. खेळायला म्हणाल तर मला हाच भाग जास्त आवडतो, भाला आणि ढाल हातात आली की मजा काही औरच. तरी विक्रीचे आकडे बघा: २०१२ च्या मध्यापर्यंत पहिल्या भागाच्या सुमारे ३२ लाख प्रती गेल्या, दुसऱ्याच्या सुमारे १२ लाख. कारण गेममध्ये नव्हतं असं मला वाटतं. २०१० च्याच मार्चमध्ये पीएस३ वर तिसरा 'गॉड ऑफ वॉर' येऊन गेला होता, लोकांचे डोळे एचडीला सरावले होते, आणि पीएसपीची मेमरी स्टिक शंभर-दोनशे रुपयांत पायरेटेड गेमनी 'भरून' देणारे तर आपल्याकडे स्टेशनाबाहेर बसायचे. चाहत्यांनी मागितलं ते सगळं दिलं, फक्त चाहतेच घरी नव्हते.

आता निराशेचं उदाहरण हवंय ना, तेही देतो. 'अनचार्टेड: गोल्डन अबिस', पीएसपीनंतरच्या सोनीच्या हँडहेल्डबरोबर, पीएस व्हिटाबरोबर, २०१२ च्या सुरुवातीला आपल्याकडे हातात आलेला. व्हिटाला दोन स्टिक होत्या, म्हणजे जुनं दुखणं बरं झालेलं. पण नव्या मशीनला पुढून टच, मागून टच, कॅमेरा, हलवलं की कळणारा सेन्सर, आणि हे सगळं दाखवायलाच हवं असा कोणाचा तरी हट्ट असावा. मग कोळसा घासून ठसा घ्या बोटाने, वस्तूवरची माती पुसा बोटाने, ऐन शेवटची मारामारीही स्क्रीनवर बोट ओढून. कहर म्हणजे एके ठिकाणी जुनं चर्मपत्र वाचायला व्हिटाचा कॅमेरा खऱ्याखुऱ्या उजेडासमोर धरायचा असतो. मी तो प्रसंग मामाच्या गावी रात्री नऊ वाजता गाठला आणि तेव्हाच लोडशेडिंगची लाइट गेली. शेवटी मोबाइलचा टॉर्च दातांत धरून दोन्ही हातांनी व्हिटा पुढे केला. मामी कंदील घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेली. बाकीचा गेम चांगला होता हो. पण माझ्या डोक्यात 'गोल्डन अबिस' म्हणजे तो टॉर्चच.

तेव्हा तुमच्या 'काय ठेवायची अपेक्षा'ला माझं उत्तर: जाहिरातीत काय काय आणलंय त्याची यादी असते, ती सोडा. त्यांनी काय सोडून दिलंय ते शोधा. डेमो मिळाला तर ('चेन्स'चा डेमो पाच-सहा महिने आधी, सप्टेंबर २००७ मध्येच आला होता) ग्राफिक्स बघू नका, वार चुकवून बघा. दहा मिनिटांत हात विसरला तर गेम जमलाय. हात आठवत राहिला, म्हणजे 'आता मागून टच करायचं' असं डोक्यात म्हणावं लागलं, तर कितीही भव्य असो, थोडं थांबा आणि सेलमध्ये घ्या. कथेबद्दल एवढंच बघा की मूळ मालिकेत एखादी जागा रिकामी होती आणि तिथे हा भाग बसतोय का. तासांवरून मात्र भांडू नका, प्रवासात खेळायच्या गेमचे सहा तास म्हणजे माझे जवळजवळ दोन आठवडे होते.

अर्थात तुमचा प्रश्नच हळूहळू जुना होत चाललाय. २०२२ मध्ये पीसीचे गेम चालवणारं स्टीम डेक हे हँडहेल्ड आलं आणि २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' जसाच्या तसा हातात धरून खेळता यायला लागला. छोट्या मशीनसाठी वेगळा भाग कोण कशाला बनवेल? रेडी अ‍ॅट डॉनही २०२४ मध्ये बंद झाला.

माझा पीएसपी गेल्या दिवाळीत साफसफाईत माळ्यावर सापडला. बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण उचललं गेलेलं, ती काढून टाकली. पण थेट चार्जर लावला तर बिनबॅटरीचा चालतो, आणि आत डिस्क तशीच होती. पंधरा वर्षांची भाची वायरीला बांधलेलं ते मशीन घेऊन भिंतीशी बसली. बराच वेळ तिचा उजवा अंगठा बटणांच्या खाली काहीतरी चाचपत होता. 'मामा, दुसरी स्टिक कुठेय?' मी म्हटलं, नाहीये. थोड्या वेळाने चहा घेऊन आलो तेव्हा बॅसिलिस्क समोर होता, अंगठा बटणांवर होता आणि ती दोन्ही तर्जन्या आवळून डावीकडे लोळत होती.