सगळी ध्येये गाठली, पण वाद्य उचलवत नाही

प्रिय मैत्रीण,

गेल्या वर्षी तुम्ही तीन ध्येये लिहून काढली होती: व्हायोलिनची वरची परीक्षा उत्तीर्ण होणे, वाद्यवृंदाच्या निवडचाचणीत जागा मिळवणे आणि एक स्वतंत्र कार्यक्रम करणे. तिन्ही पार पडली. तरीही कार्यक्रमानंतर व्हायोलिनची पेटी उघडावीशीच वाटत नाही, असे तुम्ही लिहिता. ध्येयांऐवजी हेतू ठरवावा, असे कोणी तुम्हाला सुचवले आहे, पण ही आळसाला शोधलेली सबब तर नव्हे, अशी शंका तुमच्या मनात आहे, आणि महिनाअखेरीस एका स्पर्धेचा अर्जही भरायचा आहे.

शंका रास्त आहे. ‘संगीताशी एकरूप व्हायचे’ असा हेतू ठरवला, तर तो पाळला की नाही हे कधी कळतच नाही, आणि अशा हेतूआड आळस खुशाल दडून बसू शकतो. पण तुमच्या तिन्ही ध्येयांचा निकाल एकेका दिवशीच लागणार होता, आणि त्यांपैकी दोहोंचा तर परीक्षकांच्या हाती होता. वर्षभराचा रियाज त्या दिवसांची नुसती पूर्वतयारी ठरला, आणि ते दिवस सरताच रियाजाचे कारणही सरले. तुमचे संगीतावरचे प्रेम आटले आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

चेलो या व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या वाद्याचे वादक पाब्लो कासाल्स यांचा जन्म १८७६ सालचा. जर्मन संगीतकार बाख यांनी एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचनांची प्रत त्यांना वयाच्या तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात मिळाली, आणि त्यानंतर सुमारे बारा वर्षे रियाज केल्यावरच त्यांतली एखादी रचना लोकांपुढे वाजवण्याचे धैर्य झाले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. याच काळात, १८९९ साली, पॅरिसमध्ये वाद्यवृंद-संचालक लामुरो यांच्या वाद्यवृंदाबरोबर वाजवून त्यांनी नावही मिळवले. म्हणजे ध्येये त्यांनाही होती आणि ती त्यांनी गाठलीही. पण त्या सहा रचना रोज उघडण्यासाठी त्यांना कोणत्याही कार्यक्रमाच्या तारखेची गरज भासली नाही. तुमच्या वर्षात नेमकी हीच जागा रिकामी राहिली, असे मला वाटते.

ही जागा भरणारा हेतू त्याच दिवशी पाळता येईल इतका लहान असावा. समजा, एका संथ ओळीत गजाची, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीची, दिशा पालटताना तुमचा स्वर क्षणभर तुटतो. ‘ही ओळ या आठवड्यात पक्की करीन’ हे ध्येय झाले. ‘आज गज पालटण्याच्या क्षणी माझा कान स्वरावरच ठेवीन, आणि तो तुटला तर मनगट तेव्हा काय करत होते ते पाहीन’ हा हेतू झाला. तो पाळण्यासाठी ओळ सुधारलीच पाहिजे असे नाही, मात्र लक्ष तिथे होते की नव्हते हे तुम्हाला स्वतःला नक्की ठाऊक असते, आणि तिथे सबबीला वाव उरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ सालच्या एका लेखात दाखवले आहे की, ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ अशा रूपात बांधलेला हेतू नुसत्या इच्छेपेक्षा अधिक पाळला जातो. म्हणून तो प्रसंगाला जोडा: गजाला राळ लावून झाली की, पहिला स्वर वाजवण्याआधी, आज काय ऐकायचे ते एका वाक्यात मोठ्याने म्हणा.

ध्येये सोडू नका. कोणती रचना बसवायची आणि केव्हापर्यंत, हे ध्येयाशिवाय ठरत नाही, आणि तारीख नसेल तर कित्येक रचना अर्ध्यावरच राहतात.

राहिला स्पर्धेचा अर्ज. महिनाअखेरपर्यंत स्पर्धेसाठी नेमून दिलेली रचना वर सांगितल्याप्रमाणे रोज थोडा वेळ वाजवा आणि लय मोजून देणारे मेट्रोनोम यंत्र बाजूला ठेवा. निकाल काहीही लागला तरी ही रचना पुढेही वाजवावीशी वाटेल, असे तेव्हा मनापासून म्हणता आले तर अर्ज नक्की भरा. विजेत्यांच्या यादीतल्या नावापलीकडे त्या रचनेकडून काहीच नको असेल, तर या वर्षी ती स्पर्धा जाऊ द्या आणि जी रचना तुम्हाला खरोखर हवी आहे ती हाती घ्या.