कळसूबाईच्या उंचीवर संसार: कोलोराडोला येणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, यजमानांची बदली डेन्व्हरला होतेय, सोबत सत्तरीच्या सासूबाईही येणार आहेत. कोलोराडोत नुसता बर्फच असतो का, बघण्यासारखं काय आहे आणि इतिहास काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला इथे अकरा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उंचीचं. डेन्व्हर 5280 फुटांवर वसलंय, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम सव्वाशे फूट खाली. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, जिना चढताना धाप लागते, ओठ फुटतात. घाबरून जाऊ नका, पाणी पीत राहा. पाणी इथे 95 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. माझी पहिली आमटी तासाभरानंतरही कणीदारच होती. कुकर घेऊनच या. सासूबाईंना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि पहिले आठ-दहा दिवस त्यांना डोंगरात नेऊ नका.

बर्फ पडतो, पण शहरात लगेच ऊन पडतं आणि बराचसा वितळूनही जातो. डोंगरातल्या रस्त्यांची गोष्ट वेगळी. तिथे हिवाळी टायरांशिवाय गाडी घालू नका.

आता इतिहास. 1858 मध्ये इथल्या ओढ्यांत सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. 1876 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी, हे 38 वं राज्य झालं. एवढं कुठेही वाचायला मिळेल. पण ही जमीन शायेन, अरापाहो आणि यूट या इथल्या मूळ रहिवासी जमातींची होती, आणि ती कशी गेली हे इथे राहणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. 29 नोव्हेंबर 1864 ला सँड क्रीकच्या काठी शायेन-अरापाहोंच्या तळावर कर्नल चिव्हिंग्टनच्या अमेरिकी सैन्यानं पहाटे हल्ला केला. ब्लॅक केटल या प्रमुखानं तळावर अमेरिकेचा झेंडा लावलेला होता, तरीही दोनशेहून अधिक माणसं मारली गेली. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त. त्याच सैन्यातल्या कॅप्टन सायलस सूलनं आपल्या तुकडीला गोळी चालवू दिली नाही आणि नंतर साक्षही दिली. पुढच्याच वर्षी डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला.

ही जागा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. डेन्व्हरहून गाडीनं तीनेक तास लागतात. बघायला इमारत नाही, पुतळे नाहीत. वाळलेलं गवत, ओढ्याकाठची कॉटनवूडची झाडं आणि वारा. मी गेले तेव्हा कुंपणाला कुणीतरी रंगीत कापडाच्या चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. आम्ही तासभर कुणीच बोललो नाही. त्या वेळचे गव्हर्नर इव्हान्स यांचं नाव डेन्व्हरजवळच्या एका शिखराला होतं, ते 2023 मध्ये बदलून माउंट ब्लू स्काय केलं.

यूट लोकांनाही 1881 मध्ये पश्चिमेकडच्या डोंगरांतून युटाला हाकललं. त्यांच्या दोन जमाती अजून नैऋत्य कोपऱ्यात आहेत. त्याच भागात मेसा व्हर्दे आहे, कड्याच्या कपारीत बांधलेली दगडी गावं. क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या आहेत. इसवी सन 1300 च्या सुमारास तिथले लोक ही गावं सोडून दक्षिणेकडे गेले. क्लिफ पॅलेसच्या आत जायचं तर रेंजरबरोबरच, आणि शिड्या चढाव्या लागतात. सासूबाईंनी वरूनच पाहावं, तेही पुरेसं आहे.

तिथून जवळच ड्युरँगो. चांदीच्या खाणींसाठी 1882 मध्ये सिल्व्हर्टनपर्यंत नेलेली अरुंद मापाची गाडी अजून धावते. माथेरानची गाडी आवडत असेल तर ही चुकवू नका. 1893 मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि राज्यातली खाणींची कितीतरी गावं ओस पडली. त्याच वर्षी इथल्या पुरुषांनी मतदानानं बायकांना मताचा हक्क दिला, हेही सांगायला हवं.

सासूबाईंसाठी खरी सहल मात्र रॉकी माउंटन नॅशनल पार्कची. ट्रेल रिज रोड 12,183 फुटांपर्यंत चढतो, गाडीतून उतरायचीही गरज नाही. चढताना वेफर्सचं पाकीट उशीसारखं फुगतं. तेवढ्यावरून हवा किती विरळ झालीय ते कळतं. रस्ता साधारण मेअखेर ते ऑक्टोबर उघडा असतो आणि मोसमात प्रवेशाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा पडतात, म्हणून पहाटे निघून बाराच्या आत खाली या.

जमल्यास बदली ऑगस्टची मागून घ्या. शाळा तेव्हाच सुरू होतात, आणि सप्टेंबरच्या शेवटी अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक होतात. तोवर सासूबाईंना इथली हवा मानवलेली असेल.