शाळेनंतरच्या क्लासेसचा खर्च झेपेनासा झालाय. यातलं काय बंद करावं?

तुम्ही लिहिलंय की घरात दोन मुलं, तुम्ही दोघंही नोकरीवर, आणि शाळा सुटल्यावर पोहणं, व्हायोलिन, बुद्धिबळ, कोडिंग असे चार क्लास. दर महिन्याला फी भरताना ओढाताण होते, आणि बंद करावं म्हटलं तर मुलं मागे पडतील ही धास्ती.

मीही दोन मुलांची आई. या विषयातला माझा अनुभव कपाटाच्या एका कप्प्यात भरून ठेवलेला आहे: तीनदा वापरलेली स्केट्सची जोडी, कराटेचे दोन पट्टे (एक पिवळा, एक केशरी) आणि पाव मापाचं एक व्हायोलिन. त्याची पेटी उघडली की अजून राळेचा वास येतो.

व्हायोलिन तुमच्याकडेही आहे, म्हणून आधी तेच. मुलांची व्हायोलिनं मापात येतात: पाव, अर्धं, पाऊण आणि मग पूर्ण, पावाहून लहानही असतात. वाद्य खांद्यावर धरून हात लांब केला की मुलाची बोटं टोकाच्या वळशाला नीट वेढा घालतात का, ते बघून माप ठरवतात. म्हणजे मूल वाढलं की वाद्य बदललं. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही शहाणी, विचारलं नाही. हौसेनं कोरं करकरीत घेतलं आणि पोराचा हात त्याच्यापुढे निघून गेला. टेनिसच्या रॅकेटचं तेच: लहानग्यांची 17 इंचांपासून सुरू होते, मोठ्यांची 27 इंची, आणि मधली मापं पोरगं पायऱ्या चढावं तशी चढत जातं. वाढत्या वयात अशा वस्तू भाड्यानं घ्याव्यात, नाहीतर त्याच क्लासमधल्या थोड्या मोठ्या मुलाकडून वापरलेल्या. शिकवणाऱ्याला विचारलं की दोन घरं तरी निघतातच. त्यांच्याकडेही माझ्यासारखाच कप्पा असतो.

आता फी. आपण महिन्याची फी बघतो आणि तोच खर्च समजतो. एकदा एका क्लासचं वर्षाचं सगळं कागदावर मांडा: नावनोंदणी, गणवेश, परीक्षा, प्रमाणपत्र, संमेलनाचे कपडे, स्पर्धेची प्रवेश फी, जाण्यायेण्याचा खर्च. आमच्या कराटेत दर पट्ट्याला परीक्षा, परीक्षेची फी निराळी, आणि पास झाल्यावर पट्ट्याचे पैसे परत निराळे. बेरीज नुसत्या फीच्या जवळजवळ दीडपट निघाली.

ती बेरीज मग वर्षाच्या तासांनी भागू नका. मूल प्रत्यक्षात जितके तास गेलं, तितक्यानं भागा. मी कॅलेंडरवर तीन महिने खुणा केल्या. गेले तर बरोबर, बुडवला तर फुली. कराटेच्या 24 तासांपैकी 13 बरोबर, बाकी फुल्या. चित्रकलेचा क्लास मला सगळ्यात महाग वाटायचा, पण मुलगी सर्दी असली तरी पळायची. हजेरीमागचा खर्च काढला तर तोच सगळ्यात स्वस्त. तोपर्यंत मी बंद करायच्या यादीत त्याचंच नाव वर लिहून बसले होते.

वर्षाची फी एकदम भरली तर सवलत, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. मूल त्या क्लासला किमान सहा महिने टिकलेलं नसेल तर त्या सवलतीच्या वाटेला जाऊ नका. भरलेले पैसे आपल्याला कसे ओढत नेतात, याचा हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांचा 1985 सालचा एक प्रयोग आहे. नाटकांच्या मोसमाचं तिकीट काहींना पूर्ण किमतीत दिलं, काहींना न मागता सवलतीत. नाटकं तीच, पण मोसमाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले, केवळ पैसे गेलेत म्हणून. तिथे निदान ज्यानं भरले तोच जात होता. आपल्याकडे भरतो आपण आणि रडत जातं पोर.

एक गोष्ट मात्र काटछाट करण्याआधी बघा, कारण मी इथे चुकले. काही क्लास शिकण्याचे नसतातच, सांभाळण्याचे असतात. शाळा सुटल्यापासून आपण घरी पोचेपर्यंत मूल कुणाच्या तरी नजरेखाली हवं, म्हणून तो क्लास असतो. मी असा एक "निरुपयोगी" क्लास बंद केला आणि पुढचे दोन महिने ऑफिसातून कुणाकुणाला फोन करत सुटले. तेव्हा असा क्लास छंदाच्या खात्यात न धरता सांभाळण्याच्या खात्यात मांडा आणि त्याची तुलना पाळणाघराच्या खर्चाशी करा. बऱ्याचदा तो परवडतो.

कोडिंगबद्दल स्पष्टच बोलते. लहान मुलांच्या क्लासमध्ये ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला शिकवत असतील, तर बहुधा ते स्क्रॅच असेल किंवा त्याचंच भावंड. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार झालं, 2007 पासून सगळ्यांसाठी खुलं आहे आणि फुकट आहे. मुलगा त्यात रमत असेल तर शनिवारी तासभर त्याच्या शेजारी बसा. आपल्याला काही येत नसलं तर उलट बरं, तोच शिकवतो. बुद्धिबळाचंही तसंच. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर कोडी आणि डाव फुकट आहेत, जाहिरातीही नाहीत. चांगल्या गुरूची सर त्याला नाही, हे मान्य. पण आठवड्याला दोन तासांऐवजी एक ठेवून बाकीचा सराव घरी करता येतो. बुद्धिबळात खरा खर्च स्पर्धांना जायला लागल्यावर सुरू होतो. पटावरची सोंगटी न हलवता प्रवेश फी, प्रवास आणि बरोबर जाणाऱ्या पालकाची रजा अशी तीन खाती उघडतात.

शिकवणाऱ्यांशी बोलायला लाजू नका. "एवढं झेपत नाहीये, आठवड्यातून एकदा चालेल का? भावंडांना काही सूट आहे का? तीन महिन्यांचे हप्ते करता येतील का?" मला दोन ठिकाणी हो म्हणाले, एका ठिकाणी तोंड वाकडं केलं. तो क्लास सोडताना मग फारसं वाईट वाटलं नाही.

मागे पडतील का? कुणाच्या मागे, हे आधी विचारायला हवं. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या बालहक्क कराराच्या 31व्या कलमात विश्रांती, फुरसत, खेळ आणि करमणूक हे मुलांचे हक्क म्हणून लिहिलेत, आणि त्या ओळीत विश्रांती पहिली येते. आमच्याकडे कराटे सुटल्यावर पहिले पंधरा दिवस "कंटाळा आला"चा जप चालला. मग एका संध्याकाळी पोरानं जुन्या खोक्यांचा किल्ला करायला घेतला, आणि जेवायला तीनदा हाका मारल्या तरी उठला नाही.

मुलांपासून हिशोब लपवू नका, पण त्यांच्यावर ओझंही टाकू नका. "तुझ्यासाठी किती खर्च करतो माहितीये का?" हे वाक्य आमच्याकडे एकदा माझ्याच तोंडून निघालं, आणि नंतर कितीतरी दिवस मुलगी साधा रंगांचा डबा मागायलाही बिचकायची. त्यापेक्षा "दोन ठेवता येतील, कुठले ते तू सांग" असं विचारा. तुम्हाला वाटतं त्याहून वेगळं उत्तर येईल.

तुमच्या चारातलं पोहणं मात्र मी सगळ्यात शेवटी काढेन. ते जिवाशी निगडित आहे, आणि बाकीच्या तिघांसारखं न संपणारंही नाही. खोल पाण्यात स्वतःला तरंगतं ठेवून न थांबता काठापर्यंत येता आलं की क्लास थांबवता येतो. किती महिन्यांत तिथवर पोचेल, ते उद्याच प्रशिक्षकांना विचारा आणि तेवढेच पैसे बाजूला काढा.