जहाजावरचा बिंगो सहाही दिवस खेळावा का?

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. गेल्या वर्षी त्या आणि त्यांचे यजमान अमेरिकेत मुलीकडे गेले असताना मुलगी-जावयाने त्यांना मायामीहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर नेले. तिथे त्या दोनदा बिंगो (आपल्या तंबोलासारखा आकड्यांचा खेळ) खेळल्या, दोन्ही वेळा ६० डॉलर भरून आपोआप आकडे खोडणारे, हातात धरायचे यंत्र घेतले, आणि दुसऱ्या खेपेला संपूर्ण कार्ड भरण्याच्या डावात 'ओ ६९' (ओ रकान्यातला ६९) या एकाच आकड्यासाठी अडल्या. येत्या डिसेंबरात पुन्हा तशीच सफर ठरते आहे. या वेळी सहाही सत्रे खेळली तर कधीतरी लागेलच, असे त्यांना वाटते. हे पैसे समुद्रात टाकणे आहे, असे यजमानांचे मत आहे. बाईंना दरमहा ४१,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते, घराचे कर्ज फिटलेले आहे. 'हा खर्च करण्यासारखा आहे का, एवढेच सांगा,' असे त्या विचारतात.

ताई, सप्रेम नमस्कार.

सहा सत्रे खेळू नका, दोन खेळा. एक सुरुवातीच्या दिवसांतले, कागदी तिकिटावर. दुसरे अगदी शेवटचे, आणि तेही एका अटीवर. हा आकडा मी तुमच्या आणि यजमानांच्या मतांचा मध्य काढून ठरवलेला नाही. तुम्ही पत्रात इतके नेमके तपशील टिपून पाठवले आहेत की हिशेब त्यांतूनच निघतो, म्हणून तो सविस्तर मांडते.

तुमच्या टिपणाप्रमाणे कागदी तिकिटाला ३० डॉलर होते व त्यात प्रत्येक डावाला तीन कार्डे मिळत होती, तर यंत्राला ६० डॉलर होते व त्यात प्रत्येक डावाला २४ कार्डे होती. नाट्यगृहात सुमारे १२० माणसे होती, त्यांतली साधारण निम्मी यंत्र घेऊन बसलेली. म्हणजे एका सत्रात सुमारे ५,४०० डॉलर गोळा झाले. बक्षिसे होती २५०, २५०, ३०० आणि शेवटच्या मोठ्या डावाला ५००, मिळून १,३०० डॉलर. शिवाय जॅकपॉटमध्ये, म्हणजे कोणाला लागेपर्यंत साठत जाणाऱ्या मोठ्या बक्षिसात, दररोज ५०० डॉलरची भर पडत होती. जॅकपॉट धरूनही गोळा झालेल्या पैशाचा जेमतेम तिसरा हिस्सा खेळणाऱ्यांकडे परत जातो आणि दोन हिस्से जहाजाकडे राहतात. जहाजावरच्या कॅसिनोतल्या रूलेट या जुगाराच्या चाकावर दोन शून्ये (खेळवणाऱ्याच्या फायद्याची घरे) असली तरी शंभरातले सुमारे ९५ डॉलर खेळणाऱ्यांकडे परत फिरतात. मी तुम्हाला रूलेटकडे मुळीच पाठवत नाही, पण बिंगो 'घरगुती' वाटतो म्हणून तो स्वस्त असेल, ही समजूत मनातून काढून टाकावी.

तुमची ही समजूत कुठून आली हे मला कळते, कारण माझीही तशीच होती. आपण भिशीत तंबोला खेळतो तेव्हा पंधरा जणींनी वीस-वीस रुपयांची दोन-दोन तिकिटे घेतली की सहाशे रुपये जमतात आणि जल्दी पाच, वरची, मधली व खालची ओळ आणि फुल हाऊस मिळून ते सगळे सहाशे त्याच खोलीत वाटले जातात. कोणाचे तरी जातात, कोणाला तरी मिळतात, पण दाराबाहेर एक रुपयाही जात नाही. जहाजावरचा खेळ दिसायला तसाच आहे. नव्वद आकड्यांऐवजी पंचाहत्तर, तिकिटावर पंधरा आकड्यांऐवजी चोवीस आणि मधले एक घर फुकट, एवढाच वरवरचा फरक. पण पैशाच्या बाजूने तो वेगळाच व्यवहार आहे.

आता त्या ओ ६९ बद्दल. तुमच्या पत्रातला तो परिच्छेद मी दोनदा वाचला. एका आकड्यासाठी हुकले, म्हणजे नशीब उंबरठ्यापर्यंत आले होते आणि पुढच्या वेळी आत येईल, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण त्या डावात नाट्यगृहात १,६०० च्या वर कार्डे होती. एवढी कार्डे असताना संपूर्ण कार्ड भरल्याची पहिली आरोळी साधारण ५८ किंवा ५९ आकडे पुकारून झाल्यावर येते, आणि गणिताने पाहिले तर त्या क्षणी सरासरीने दहाएक कार्डे एकाच आकड्यासाठी अडलेली असतात. तुमच्यासारखी 'थोडक्यात हुकलेली' आणखी अनेक माणसे त्याच रांगांमध्ये बसली होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला तो इशारा फक्त आपल्यासाठी आहे असे वाटले. हुकलेल्या आकड्याचा पुढच्या सत्रावर काडीचाही परिणाम होत नाही. सहा सत्रे खेळण्याचे तुमचे खरे कारण जर ते ओ ६९ असेल, तर ते कारण सोडून द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे कारण जॅकपॉट, आणि तिथे थोडे थांबावे लागेल, कारण खरा पेच तिथेच आहे. पहिल्या दिवशीच्या फलकावर जॅकपॉट ५० आकड्यांच्या आत कार्ड भरले तरच मिळेल असे लिहिले होते, असे तुम्ही म्हणता. पंचाहत्तरांपैकी ५० आकडे पुकारले असताना एखादे ठरावीक कार्ड पूर्ण भरलेले असण्याची शक्यता २,१२,०८५ मध्ये एक आहे. तुमच्या यंत्रातली २४ कार्डे धरली तरी ती सुमारे ८,८०० मध्ये एक होते. साऱ्या नाट्यगृहाची सगळी कार्डे एकत्र केली तरी त्या दिवशी कोणालाही जॅकपॉट लागण्याची शक्यता १३० मध्ये एकाच्या आसपास राहते. मर्यादा रोज एक-दोन आकड्यांनी वाढवतात हे खरे. ती ५५ वर पोचली तरी एका कार्डाची शक्यता दहा हजारांत एक एवढीच असते. सुरुवातीच्या दिवसांत जॅकपॉट कोणाला लागावा अशी ती रचनाच नाही. त्या दिवसांत तो फक्त वाढतो, आणि वाढतो तो त्या त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या पैशाने.

शेवटच्या सत्रात मात्र चित्र बदलते, जर त्या दिवशी मर्यादा काढून टाकून कोणीतरी जिंकेपर्यंत आकडे पुकारले जाणार असतील तर. गेल्या वर्षी तसेच झाले, नाट्यगृह भरून २५० माणसे आली आणि जॅकपॉट ३,००० डॉलरचा होता, असे तुम्ही लिहिले आहे. आधीच्या पाच दिवसांत इतरांनी साठवलेला तो पैसा त्या एका तासात वाटला जातो. यंत्रावर खर्च केलेल्या ६० डॉलरमागे आधीच्या दिवसांत, जॅकपॉट बाजूला ठेवला तर, सरासरीने १९ डॉलर परत येण्याची अपेक्षा धरता येते. शेवटच्या दिवशी, गर्दी दुप्पट होऊनही, ती ३० डॉलरच्या आसपास जाते. तोटा तोटाच आहे, पण सुमारे ४० डॉलरवरून ३० च्या आसपास येतो. म्हणून खेळायचेच असेल तर पहिले पाच दिवस खेळून शेवटच्या दिवशी कंटाळण्यापेक्षा उलट करावे.

कागदी तिकीट घ्यावे की यंत्र, हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी निर्णय त्यावर बराच अवलंबून आहे. दुप्पट पैशांत यंत्र आठपट कार्डे देते, त्यामुळे कागदी तिकिटाच्या ३० डॉलरमागे सरासरीने अडीच डॉलरसुद्धा परत येत नाहीत. कागदावर खेळणारी माणसे यंत्रवाल्यांची बक्षिसे पोसतात, असे स्पष्टच म्हणावे लागेल. तरीही पहिल्या सत्राला मी तुम्हाला कागदच सुचवते. यंत्र स्वतःच आकडे खोडते आणि तुम्ही नुसते पडद्याकडे बघत बसता. शेजारच्या बाईंच्या हातातले जाड टोकाचे शाईचे पेन, त्याचा कागदावर उमटणारा जांभळा ठिपका आणि त्यांची चाललेली धांदल तुम्ही जितक्या आवडीने वर्णन केली आहे, तितक्या आवडीने यंत्राबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. शिवाय कागदावर सरासरी तोटा २७-२८ डॉलर आहे, यंत्रावर सुमारे ४०. परतावा कशात बरा आहे आणि खिशातून कमी कशात जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि करमणुकीच्या खर्चात दुसऱ्याला जास्त महत्त्व द्यावे असे माझे मत आहे. शेवटच्या सत्राला मात्र मुलीसोबत मिळून एकच यंत्र घ्या.

रुपयांत पाहू. डॉलर ९० रुपये धरला तर सहा सत्रे यंत्रावर खेळण्याचे ३६० डॉलर म्हणजे ३२,४०० रुपये. तुमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाचा हा चार-पंचमांश भाग होतो, आणि त्यातले सुमारे २१,००० रुपये परत न येणारे आहेत असे धरून चालावे. मी सुचवलेल्या दोन सत्रांचे ९० डॉलर म्हणजे ८,१०० रुपये होतात, अपेक्षित तोटा ५,००० च्या थोडा वर. लेकीशेजारी बसून घालवलेल्या दोन तासांची ही किंमत तुम्हाला परवडते, यात मला शंका नाही.

जिंकलात तर काय, हेही आधीच पाहून ठेवावे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशात मिळालेले उत्पन्नही इथे दाखवावे लागते, आणि लॉटरी, शर्यती, पत्ते व अन्य खेळ यांतल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर, असा ३१.२ टक्के कर लागतो. मूळ सूट मर्यादेचा लाभ या रकमेला मिळत नाही आणि तिकिटांवर घातलेला खर्चही वजा करता येत नाही. ३०० डॉलर म्हणजे २७,००० रुपये जिंकलात तर ८,४२४ रुपये कर भरावा लागेल, मग त्याआधी तुमचे तितकेच डॉलर तिकिटांत गेलेले असोत. वर दिलेला परतावा करापूर्वीचा आहे, हे लक्षात घ्या.

यापेक्षा महत्त्वाची बाब कार्डाची आहे. जहाजावर सगळा खर्च खोलीच्या खात्यावर चढतो आणि ते खाते शेवटी एखाद्या बँक कार्डाला जोडलेले असते. ते तुमचे भारतीय क्रेडिट कार्ड असेल तर साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलन शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी हा वरखर्च येतोच; पण त्याहून गंभीर म्हणजे, २००० सालच्या परकीय चलनविषयक चालू खाते नियमांच्या पहिल्या अनुसूचीत लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल (सामन्यांच्या निकालांवरच्या पैजा), स्वीपस्टेक (सोडतीवरच्या पैजा) 'आदीं'साठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे. बिंगोचे नाव त्या यादीत लिहिलेले नाही. परंतु त्या 'आदीं'मध्ये तो बसतो की नाही, याचा निवाडा स्वतःच्या कार्डावर करून घेण्याचे तुम्हाला काही कारण नाही. बिंगोचा खर्च मुलीच्या खात्यावर, तिच्या अमेरिकी कार्डावरच जाऊ द्या आणि तो तिने आईला दिलेली भेट म्हणून स्वीकारा; परतफेड म्हणून तिच्या इथल्या खात्यात रुपये भरणेही टाळा. तिच्या नावावर जिंकलेली रक्कम तिला तिच्या अमेरिकी विवरणपत्रात दाखवावी लागेल, हे तिला आठवणीने सांगा. आणि पैसे लेकीचे झाले म्हणून दोनाची सहा सत्रे करू नका, तिचेही कष्टाचेच आहेत.

वाचलेल्या २७० डॉलरबद्दल एक सूचना करते, कारण यजमानांना रक्तदाब आहे असे पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल खोलीच्या खात्यावरच लागते, आणि आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाहीत. प्रवास विमा घेताना आधीपासून असलेला रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहा, आणि समुद्रपर्यटन व जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचून घ्या. गेल्या वेळी विमा मुलीने काढला होता असे म्हणता; या वेळी तिच्याकडून त्याची प्रत मागून घ्या.

यजमान हिशेबात बरोबर आहेत. पण निवृत्तिवेतन तुमचे आहे आणि दोन तासांची मौज मागायला तुम्हाला कोणापुढे कारण द्यावे लागू नये. त्यांना हे पत्र दाखवा आणि शेवटच्या सत्राला सोबत न्या, तिकीट न घेता बसता येत असेल तर तसेच.

शेवटच्या दिवशी तिकीट काढण्याआधी तिथल्या माणसाला एवढेच विचारा: आज जॅकपॉट कोणालातरी नक्की दिला जाणार आहे का, की आजही आकड्यांची मर्यादा आहे? मर्यादा असेल किंवा त्या दिवसापुरता तिकिटाचा दर दुप्पट केलेला असेल, तर यंत्र घेऊ नका. आणि रोख रकमेऐवजी पुढची सफर फुकट असे बक्षीस लावलेले असेल, तर बंदराचे शुल्क, कर आणि भारत ते मायामीचे विमानभाडे त्यात धरलेले आहे का, तेही तिथेच विचारून घ्या.