पंथीय यादवी पेटलेली असताना ताब्यात घेतलेल्या देशातून सैन्य काढून घ्यावं का? २००३ साली अमेरिकेने ताब्यात घेतलेल्या इराकबद्दल काय वाटतं?

काढून घ्यावं. तारीख आधी जाहीर करावी आणि त्या तारखेला निघावं. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की सैन्य निघालं तर शिया-सुन्नी एकमेकांना कापतील, ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. अहो, सैन्य असतानाच कापत होते. मी २००६ साली बगदादच्या उत्तरेला बलदच्या अमेरिकन तळावर होतो, एका ठेकेदाराच्या गोदामात. नोकरी कुवेतची सांगितली, तिथे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि सीमेपलीकडे पाठवलं. भारत सरकारने २००४ पासून इराकला कामाला जायला बंदी घातलेली, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार. असो, तो वेगळा विषय.

आमच्या गोदामात दोन इराकी होते. एक बलद गावचा, शिया, फोर्कलिफ्ट चालवायचा. दुसरा टायग्रिसच्या पलीकडच्या धुलुइयाचा, सुन्नी, जबूर टोळीतला, जनरेटर बघायचा. नावं लिहीत नाही, कारण त्या काळात तिकडे ओळखपत्रावर उमर (म्हणजे सुन्नी) आहे की अली (म्हणजे शिया) आहे एवढं बघून माणसं मारत होते, आणि ही माणसं अजून तिथेच राहतात. दोघंही जुन्या इराकी सैन्यातले. इराकवर नेमलेला अमेरिकन प्रशासक ब्रेमर, त्याने मे २००३ मध्ये एका सहीत अख्खं सैन्य बरखास्त केलं तेव्हा लाखो लोकांबरोबर हे पण घरी बसले, आणि मग पोट भरायला त्याच अमेरिकनांच्या तळावर आले. दुपारी एकत्र जेवायचे, एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करायचे. फेब्रुवारीत सामरामधल्या अस्करी दर्ग्याचा, शियांच्या पवित्र स्थानाचा, सोनेरी घुमट उडवला त्यानंतर हळूहळू दोघं वेगळे बसायला लागले. भांडण काहीच नव्हतं. तळावर इतर गावांतले पण लोक कामाला येत, त्यातल्या कोणी गावात जाऊन सांगितलं की हा त्याच्याबरोबर जेवतो तर काय, ही भीती होती.

ऑक्टोबरमध्ये नदीपलीकडे कामाला गेलेल्या बलदच्या शिया मजुरांना पळवून नेलं आणि त्यांची मुंडकी उडवलेली प्रेतं सापडली. मग बलदमध्ये सूड सुरू झाला, सुन्नी दिसला की मार, असं काही दिवस चाललं, डझनावारी माणसं गेली. आणि हे कुठे, तर इराकमधल्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन तळांपैकी एकापासून गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. आमच्या तळावर वीस-पंचवीस हजार माणसं होती, रात्रंदिवस विमानं उतरायची, हेलिकॉप्टर होते, चिलखती गाड्यांच्या रांगा होत्या. स्थानिक कामगारांना गेट बंद केलं, एवढंच आमच्या बाजूने झालेलं मी बघितलं.

काही दिवसांनी धुलुइयावाला गेटपाशी आला. कामाला नाही, त्याच्या चुलत भावाला बलदच्या नाक्यावरून उचललं होतं त्याला शोधत आला होता. आमचा सार्जंट ओळखीचा म्हणून त्याला बोलावून घेतलं आणि तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये सांगत राहिला की पुलावर दोन गाड्या उभ्या करा, जास्त नको, फक्त दोन. सार्जंट माणूस वाईट नव्हता, त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला की तो भाग आता इराकी पोलिसांकडे दिलाय, तू त्यांच्याकडे जा. हा म्हणाला, पोलिसांच्याच गाडीतून नेलंय त्याला. त्यावर सार्जंट गप्प. मी यादी घेऊन तिथेच उभा होतो, माझ्या सुपरवायझरने मला दंडाला धरून आत नेलं, म्हणाला आपलं काम बघ. भाऊ सापडला की नाही मला कळलं नाही, कारण धुलुइयावाला परत कामाला आलाच नाही, आणि बलदवाला आला तेव्हा मी त्याला विचारलं तर तो नुसता मान हलवून फोर्कलिफ्टवर चढला.

तेव्हा इराकमध्ये सुमारे १ लाख ४० हजार अमेरिकन सैनिक होते. म्हणून मला कोणी सांगितलं की सैन्य होतं म्हणून यादवी आवरली, तर माझं डोकं फिरतं. परकं सैन्य स्वतःच्या भिंतीचं आणि रस्त्यावरच्या काफिल्यांचं रक्षण करतं. शेजाऱ्यापासून शेजाऱ्याला वाचवायला त्याला गल्ली माहीत नसते, भाषा येत नसते, आणि ज्या पोलिसांना त्याने बंदुका दिल्या तेच मारायला निघाले तर त्याच्याकडे उत्तर नसतं. शिवाय शिया एवढे, सुन्नी एवढे, कुर्द एवढे अशी मोजून २५ जणांची गव्हर्निंग कौन्सिल २००३ मध्ये कोणी बसवली? राजकारणाला पंथाचा कोटा अमेरिकनांनीच लावला.

माझे दाजी (मोठ्या बहिणीचे मिस्टर, रिटायर्ड फौजी) यावर वर्षानुवर्षं माझ्याशी वाद घालतात. त्यांचं म्हणणं, २००७ ला बुशने जादा सैन्य पाठवलं तेव्हा हिंसा उतरली की नाही? आणि ओबामाने २०११ ला काढलं म्हणून २०१४ ला मोसुल इसिस या सुन्नी अतिरेकी संघटनेच्या हाती पडलं की नाही? दाजी, एक तर ३१ डिसेंबर २०११ ही तारीख बुशच्याच सरकारने नोव्हेंबर २००८ च्या करारात मान्य केली होती. दुसरं, २००७ ला हिंसा उतरली त्यात जादा फौजेचा हात होता हे मला मान्य आहे, पण अनबारच्या सुन्नी टोळ्या स्वतःच अल कायदाच्या विरोधात उठल्या होत्या, त्याच वर्षी शिया नेता मुक्तदा अल सद्रने आपल्या हत्यारबंद लोकांना थांबवलं, आणि बगदादमधले मिश्र मोहल्ले तोपर्यंत बरेचसे रिकामे करून वाटून झाले होते. आणि २०१० च्या निवडणुकीत सुन्नींचा पाठिंबा असलेल्या अल्लावीला ९१ आणि तेव्हाचा शिया पंतप्रधान मालिकीला ८९ जागा मिळूनही अमेरिकेने मालिकीच्या मागे वजन टाकलं, तेव्हा सैन्य तिथेच होतं ना? त्याच मालिकीने शेवटचा काफिला कुवेतमध्ये गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या सुन्नी उपराष्ट्राध्यक्षावर, हाशिमींवर वॉरंट काढलं, अल कायदाशी लढलेल्या सुन्नी टोळ्यांच्या पोरांना कबूल केलेल्या नोकऱ्या पुऱ्या दिल्या नाहीत. मोसुलच्या लोकांना ते सरकारी सैन्यच परकं वाटत होतं, मग त्याच्यासाठी कोण उभं राहणार?

आता धुलुइयाचं पुढे काय झालं ते ऐका. २०१४ ला इसिसने त्या गावाला वेढा घातला, सुन्नी गाव असून जबूर टोळीचे लोक महिनोन्महिने लढले, आणि त्यांना मदत आली ती नदीपलीकडून, बलदच्या शियांकडून. वर्षाच्या शेवटी वेढा उठला. आठ वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांना मारलं तेच. मधे कोणी परका सार्जंट नव्हता. बातमी वाचली तेव्हा मी बायकोला अख्खी गोष्ट परत सांगितली.

सगळं इतकं सरळ नाहीये हे पण लिहितो. त्याच वर्षी इसिसपासून पळालेले यझिदी सिंजारच्या डोंगरावर अडकले होते तेव्हा अमेरिकन विमानं आली नसती तर आणखी किती मेले असते सांगता येत नाही, ज्या लहान समाजाला पलीकडच्या काठावर कोणीच नाही त्याला मी "सैन्य जाऊ दे" असं तोंडावर म्हणू शकणार नाही. आणि निघताना ज्या दुभाष्यांनी, ड्रायव्हरांनी तुमच्यासाठी काम केलं त्यांना कुटुंबासकट बाहेर काढा, त्यांचे व्हिसा आधी, ट्रक आणि कंटेनर नंतर. पोलीस एका पंथाचे होऊन बसले असतील तर त्यांना नवीन हत्यारं देऊ नका.

दाजींचं खरं दुखणं इराक नाहीच. ते आयपीकेएफमध्ये, म्हणजे श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत, जाफनाला होते. मार्च १९९० ला आपलं सैन्य परत आलं आणि आपण उभी केलेली तमिळ नॅशनल आर्मी, त्यात जबरदस्तीने भरती केलेली कोवळी पोरं होती, ती एलटीटीईच्या हाती सापडली आणि संपवली गेली. त्यातल्या काहींना दाजींनी रायफल धरायला शिकवलं होतं. म्हणून त्यांना कुठलंही सैन्य मागे फिरताना बघवत नाही, आणि हे मला कळतं. पण दाजी, आपले सुमारे १,२०० जवान मारले गेल्यावर आणखी दोन वर्षं थांबून ती पोरं वाचली असती का? त्यांना जहाजात बसवून बरोबर आणलं असतं तर वाचली असती. तुम्ही स्वतः हे गेल्या दिवाळीत बोललात, ताई साक्षीला आहे.