यारमथचं हिवाळी वादळ आणि साउथटाउनमधलं घर: माझा अनुभव

ताई, तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे आणि तुमच्याबरोबर लहान मुलगी पण आहे. तुम्ही म्हणताय की हॉस्पिटलच्या नोकरीसाठी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रेट यारमथला येताय, एजंटने साउथटाउनमध्ये तळमजल्याचं घर स्वस्तात दाखवलंय, ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं की हिवाळ्यात तिथे समुद्राचं पाणी भरतं, आणि एजंट म्हणतो की घर समुद्रापासून चांगलं किलोमीटरभर आत आहे तेव्हा काळजी नको. मग खरं कुणाचं? तर त्या बाईंचं.

आधी नकाशा उघडून बघा. यारमथ गाव म्हणजे एका बाजूला नॉर्थ सी आणि दुसऱ्या बाजूला येअर नदी, मध्ये वाळूची एक अरुंद लांबट पट्टी. समुद्राच्या बाजूला, म्हणजे मरीन परेडकडे, भरपूर रुंद पुळण आहे आणि तिकडची जमीन त्यातल्या त्यात उंच. सखल भाग आहे तो नदीच्या कडेला. साउथटाउन आणि कॉबहोम हे दोन्ही नदीच्या पलीकडे, मागे ब्रेडन वॉटरचं मोठं उथळ पात्र. उधाणाचं पाणी बंदराच्या मुखातून नदीत शिरतं, वर चढत जातं आणि धक्क्यावरून, भिंतींच्या फटींतून, गटारांतून रस्त्यावर येतं, म्हणजे तुमच्या घरी पाणी समोरून नाही तर मागून येणार. आपल्याकडे कोकणात खाडीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण इथे नवीन आलेला माणूस समुद्र किती लांब आहे तेवढंच बघतो आणि नदी विसरतो.

मी स्वतः मूळचा देवगडकडचा, त्यामुळे वारा-पाऊस-उधाण हे शब्द लहानपणापासून कानावर. पण आपल्याकडचं उधाण पावसाळ्यातलं, पाणी कोमट, आणि हवा किती बिघडलीय ते आकाश बघून कळतं. इथलं वादळ हिवाळ्यातलं. डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, नंतर सगळं अंधारातच. वारा सुरू झाला की आधी चिमणीतून आवाज येतो, मग खिडक्या थरथरायला लागतात, शेजारच्या कुंपणाच्या फळ्या उडतात, चाकांचे कचऱ्याचे डबे रस्त्याने पळत सुटतात, आणि दुसऱ्या दिवशी काचांवर मिठाचा पांढरा थर. समुद्रावर उभं राहिलात तर वाळू अंगाला टोचते, बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. हे असं वर्षातून काही वेळा होतं, नॉर्थ सीच्या किनाऱ्यावर राहायचं तर त्याची सवय होते आणि त्याला एवढं घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते वाऱ्याबरोबर पाणी येणार असेल तेव्हा.

ते मी बघितलं ५ डिसेंबर २०१३ ला. आम्ही तेव्हा साउथटाउनमध्येच भाड्याने राहत होतो, मुलगा शाळेत होता. सकाळपासून बातम्या स्कॉटलंडच्या, तिकडे रेल्वे बंद केली होती, एका डोंगरमाथ्यावर ताशी १४२ मैलांचा झोत नोंदला गेला, एक ट्रक ड्रायव्हर गेला. आमच्याकडे दुपारी वारा जबरदस्त होता. मोबाईलवर पूर्वसूचनेचे मेसेज आलेच होते, पण खरी जाणीव झाली ती संध्याकाळी, पोलीस दारोदार फिरायला लागले तेव्हा. शांतपणे सांगत होते, रात्री साडेदहाच्या आसपास भरती आहे, त्याआधी निघा, जायला जागा नसेल तर शाळेत सोय केलीय. यारमथमध्ये हजारो घरांना तसं सांगितलं गेलं.

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बऱ्याच लोकांचा घोळ होतो तो इथेच. संध्याकाळपर्यंत आमच्याकडचा वारा दुपारच्या मानाने बराच पडला होता. समोरचे आजोबा दारात उभे राहून म्हणाले, वादळ तर गेलं, आता कसलं पाणी. तसं वाटणं अगदी साहजिक आहे, पण इथल्या समुद्राचं काम तसं चालत नाही. हे पाणी आपल्या डोक्यावरचा वारा आणत नाही, ते शेकडो किलोमीटर उत्तरेला, स्कॉटलंडच्या वरच्या बाजूला तयार होतं. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, म्हणजे खोल वादळाखाली नुसत्या दाबानेच अर्धा मीटर तरी पाणी चढतं, आणि त्यात उत्तरेकडचा वारा ते पाणी दक्षिणेला ढकलतो. नॉर्थ सीचा आकार नरसाळ्यासारखा, वर रुंद आणि खोल, खाली अरुंद आणि उथळ, तेव्हा ढकललेल्या पाण्याला पसरायला जागाच उरत नाही, ते उंच होत जातं. हा फुगवटा ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याने भरतीच्याच वाटेने खाली सरकत येतो. त्या दिवशी दुपारी तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर होता, संध्याकाळी हंबरच्या मुखाशी, रात्री आमच्याकडे आणि मग पुढे थेम्सकडे. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे भरती मुळातच मोठी, आणि फुगवटा नेमका भरतीच्या वेळेवर आला.

आम्ही निघालो. कागदपत्रं, औषधं, मुलाचे कपडे, चार्जर, एवढंच घेऊन. निघायच्या आधी बायकोने एक शहाणपणाचं काम केलं, लाइटचा मेन स्विच बंद केला आणि पुस्तकं, मिक्सर, तांदळाचा डबा, जे उचलता येईल ते वरच्या मजल्यावर नेलं. गाडी नॉरिचला मित्राकडे नेली. मी तुम्हाला सांगतो, यारमथ-नॉरिचमधला एकलचा तो सरळसोट रस्ता, दोन्हीकडे सपाट दलदल, एक दिवा नाही, समोरून फक्त गाड्यांचे लाइट, आणि मागे आपलं घर काय अवस्थेत सापडेल ते माहीत नाही, तो प्रवास अजून अंगावर येतो.

दुसऱ्या दिवशी परत आलो तर रस्त्यावर चिखल, गटाराचा वास, तळमजल्यात घोट्याच्या वर पाणी येऊन गेलेलं. आमचं नुकसान इतरांच्या मानाने कमी झालं. किनाऱ्यावर वर हेम्सबीला वाळूच्या टेकडीवरचे बंगले टेकडी खचून समुद्रात गेले. वॉलकॉटला भिंतीवरून लाटा घरांत घुसल्या. लिंकनशरमधल्या बॉस्टन गावात तर तिथल्या मोठ्या प्रसिद्ध चर्चच्या आत पाणी होतं. वेल्सला (वेल्स देश नव्हे, आपल्या नॉरफोकमधलं त्या नावाचं गाव) बंदरावर एका भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा केलेल्या आहेत, कधी गेलात तर बघा, २०१३ ची खूण १९५३ च्या वर आहे. आणि ज्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते म्हणजे सीलची पिल्लं. नोव्हेंबर ते जानेवारी हा त्यांच्या जन्माचा काळ, हॉर्सीच्या वाळूत शेकडो पिल्लं असतात, त्यांना धड पोहता येत नाही, त्या रात्री कितीतरी वाहून गेली, काही किलोमीटर लांब एकटी सापडली. इथली साधी माणसं थंडीत चालत जाऊन ती शोधत होती.

खारं पाणी ही वेगळीच गोष्ट आहे बरं का. आपल्याकडे बंधारा फुटून खाजणात खारं पाणी शिरलं की शेत काही वर्षं मागे जातं, तसंच इथे घराचं होतं. भिंतीचं प्लास्टर मीटरभर उंचीपर्यंत फोडून काढावं लागतं, कार्पेट, सोफा, गादी सगळं बाहेरच्या मोठ्या कचरापेटीत, सॉकेट सगळे बदला, आणि डिह्युमिडिफायर महिनोन्महिने घरघरत असतो. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं त्यामुळे भिंत वाळली असं वाटतं आणि पुन्हा ओल येते. गाडीत खारं पाणी गेलं तर ती गाडी बहुतेक वेळा भंगारातच.

तरीसुद्धा त्या रात्री इंग्लंडमध्ये सुमारे २८०० घरं-दुकानं पाण्याखाली गेली पण समुद्राच्या पाण्यात बुडून कुणी गेलं नाही. हे का महत्त्वाचं आहे ते कळायला १९५३ माहीत पाहिजे. ३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र, असाच फुगवटा. लिंकनशरच्या किनाऱ्यावर तो संध्याकाळी सातच्या सुमाराला आपटला, घरं गेली, माणसं गेली. तिथून तो खाली सरकत एसेक्समधल्या कॅन्व्ही आयलंडला पोचला मध्यरात्र उलटून एकच्या सुमाराला. मध्ये जवळजवळ सहा तास होते! पण वरच्या गावांच्या फोनच्या तारा तुटलेल्या, कुणी कुणाला कळवायची पद्धतच नव्हती, आणि कॅन्व्हीची माणसं झोपेत होती. एकट्या कॅन्व्हीवर पन्नासहून जास्त माणसं गेली, इंग्लंडच्या किनाऱ्यावर एकूण ३०७, नेदरलँड्समध्ये १८०० हून जास्त. कित्येकजण छपरावर चढून वाचले आणि मग थंडीने गारठून गेले. हन्स्टनटनला रीस लेमिंग नावाच्या एका तरुण अमेरिकन सैनिकाने रबरी तराफा ओढत २७ जणांना बाहेर काढलं, आणि त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. नंतर मग भरतीच्या पूर्वसूचनेची यंत्रणा उभी राहिली, थेम्स नदीवर उधाण अडवणारे दरवाजे, म्हणजे थेम्स बॅरियर, झाले, डच लोकांनी तर समुद्राची मुखंच बंद करण्याची प्रचंड कामं केली.

म्हणजे शेजारच्या लोस्टॉफ्टला २०१३ चं पाणी १९५३ पेक्षा थोडंसंच कमी होतं, वेल्सला तर जास्त होतं, भिंतींनी पुष्कळ पाणी अडवलं हे खरंच, पण माणसं वाचली त्यात मोठा वाटा १९५३ ला वाया गेलेल्या त्या मधल्या तासांचा यावेळी उपयोग झाला याचा आहे. म्हणून माझं तुम्हाला एकच कळकळीचं सांगणं, निघा म्हटलं की निघायचं, वारा पडलाय की नाही हे बघत बसायचं नाही.

हे मी मुद्दाम जोर देऊन लिहितोय कारण पुढे १३ जानेवारी २०१७ ला पुन्हा तसाच इशारा आला, यारमथमध्ये पुन्हा हजारो घरं रिकामी करायला सांगितलं, तिकडे एसेक्समधल्या जेविकला सैन्य आलं, आणि पाणी आलंच नाही, फुगवटा आणि भरती यांची वेळ जुळली नाही एवढंच. त्यानंतर मी दुकानात, बसमध्ये बऱ्याच जणांकडून ऐकलं, उगाच पळवलं, पुढच्या वेळी जाणार नाही. मला ते ऐकून फार काळजी वाटते. तासा-दोन तासांचा फरक आणि वाऱ्याची दिशा थोडी वेगळी, एवढ्यावरच सगळं ठरतं, ते आधी कुणालाच पक्कं सांगता येत नाही. शाळेच्या हॉलमध्ये एक रात्र काढणं आणि अंधारात आठ-नऊ डिग्रीच्या पाण्यात मुलीला कडेवर घेऊन उभं राहणं, यात निवड करायला लागू नये एवढंच बघायचं.

आता तुमच्या घराचं. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या साइटवर पोस्टकोड टाकून पुराचा धोका बघता येतो, फुकट आहे, एजंटला विचारण्यापेक्षा ते बघा. तिथेच फोन नंबर नोंदवला की इशारे येतात, तीन पायऱ्या आहेत, अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, वॉर्निंग म्हणजे पाणी येणार असं धरून कामाला लागा, आणि सिव्हिअर वॉर्निंग म्हणजे जिवाला धोका. नोंदणी चावी हातात आल्या दिवशीच करा. भाड्याच्या घरात इमारतीचा विमा मालकाचा असतो पण तुमच्या सामानाचा नाही, तो तुम्हालाच घ्यावा लागतो आणि त्यात पूर धरलाय का ते वाचून घ्या. पूरक्षेत्रातल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून फ्लड री ही योजना आहे, पण २००९ पासून पुढे बांधलेली घरं त्यात येत नाहीत, तेव्हा घर नवं कोरं असेल तर विम्याचं आधी विचारा.

माझं मत विचाराल तर लहान मूल असताना साउथटाउनमध्ये तळमजला नको. दोन मजली घर असेल, झोपायच्या खोल्या वर असतील, तर विचार करता येईल, खूप चांगली माणसं राहतात तिथे आणि आम्ही पुरानंतरही काही काळ त्याच घरात काढला. पण भाडं थोडं जास्त देणं जमत असेल तर गॉर्लस्टन बघा, तिकडचा बराचसा भाग उंचावर आहे, पुळण सुरेख आहे आणि हॉस्पिटल पण तिकडेच. वादळात लाटा बघायला मात्र तिथल्याही धक्क्यावर जाऊ नका, दरवर्षी माणसं मोबाईल घेऊन उभी राहतात आणि एखादीच मोठी लाट पुरते.

आणखी एक, रात्रपाळी असेल आणि इशारा आला तर मुलीला घेऊन कोण निघणार हे नवरा-बायकोत आधी ठरवून ठेवा, गाडी कुणाकडे असेल ते पण. यारमथ-नॉरिचचा रस्ता वादळात कधी कधी बंद होतो, रेल्वेही थांबते, तेव्हा उशीर न करता निघणं बरं. पूर्ण पत्ता इथे टाकू नका, नुसतं रस्त्याचं नाव कळवा, २०१३ ला तिथे पाणी आलं होतं का ते मी जुन्या शेजाऱ्यांना विचारून सांगतो.